कानात सांगितलेलं

एकोणीसशे चौऱ्याऐंशी सालचा मार्च महिना. दुकानाच्या पाचव्या मजल्यावर, दुरुस्ती विभागात, शिवणबाई एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही उसवत बसली होती. तोंडात चार टाचण्या धरलेल्या, त्यामुळे नवरा धापा टाकत आत आला तेव्हा तिला नुसत्या भुवया उंचावता आल्या.

"अगं, सिनेमावाले आलेत," तो म्हणाला. "माझ्याकडे आलेत."

तिने टाचण्या काढून उशीत खोचल्या. "तुमच्याकडे? का, लिफ्टमध्ये अडकले?"

"थट्टा नको करू. नाताळबाबावर सिनेमा काढतायत, आपल्याच दुकानात. त्यांच्या नटाला मी शिकवायचंय. कसं बसायचं, कसं हसायचं, सगळं. मॅनेजरसाहेबांनी आपणहून माझं नाव दिलं."

"आणि आत्ता लिफ्ट कोण चालवतंय?"

"अरे देवा!" म्हणून तो आल्या पावली पळाला.

वर्षाचे अकरा महिने तो लिफ्टवाला होता. सुईपासून पलंगापर्यंत सगळं एका छपराखाली विकणारं ते सहा मजली दुकान. त्याच्या लोखंडी जाळीच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसायचं, पितळी दांडा फिरवायचा आणि मजला आला की सांगायचं, "भांडी, दिवे, पडदे." त्याच्याकडे वळून कुणी बघत नसे. पण डिसेंबर लागला की लाल अंगरखा, पोटावर कापसाची उशी आणि छातीभर पांढरी दाढी अशा थाटात तो खेळण्यांच्या मजल्यावर खुर्चीत बसे, आणि तीन आठवडे अख्ख्या शहरातली पोरं त्याच्यापुढे रांग लावत. बावीस वर्षं हे चाललं होतं. अंगरखा शिवणबाईनेच शिवलेला. दर जानेवारीत ती त्याची पांढरी किनार उसवून वेगळी धुवायची, लाल रंग लागू नये म्हणून. पोटाच्या उशीतला कापूस मात्र तिला दरवर्षी मूठभर कमी करावा लागे, कारण नवऱ्याचं स्वतःचं पोट तेवढं पुढे आलेलं असायचं.

त्याची बसायची एक तऱ्हा होती. तरुणपणी बॉयलरच्या कारखान्यात ठोकाठोकीने त्याचा उजवा कान गेला होता, म्हणून खुर्ची तिरकी लावून तो पोरांना डाव्या बाजूने घ्यायचा आणि कान त्यांच्या तोंडाशी न्यायचा. दोन्ही हात उघडे, मांडीवर ठेवलेले. "पोराला आपले हात दिसले पाहिजेत," तो म्हणायचा. "मोठ्या माणसाच्या हातात काय आहे ते कळलं नाही की पोर बिचकतं."

आणि एक नियम होता. पोराने खेळणं मागितलं तर ते आईबापांच्या कानावर घालायचं. दुकान त्याला त्याचसाठी तिथे बसवत होतं. पण पोरं काय फक्त खेळणीच मागतात? जे खेळणं नसेल ते कुणालाही सांगायचं नाही. पहिल्याच वर्षी एक पोरगं पाच मिनिटं त्याच्या कानाला लागलं होतं, तेव्हा शिवणबाईने घरी आल्यावर विचारलं होतं, "काय हो सांगत होतं एवढं?" तो म्हणाला, "मला सांगत होतं." ती दोन दिवस गाल फुगवून बसली. पण पुन्हा म्हणून तिने विचारलं नाही.

दुकान बंद असायचं त्या दिवशी शिकवणी चालायची. नट उंच, लांबट चेहऱ्याचा, अबोल माणूस. दिग्दर्शक पस्तिशीचा, जाड चष्म्याचा, आणि बोलायला साखरेसारखा. "काका, पुन्हा एकदा कान पुढे करा ना. वा! काका, हे हात असे का ठेवता? वा!" प्रत्येक गोष्टीला वा. शिवणबाई नटाच्या मापाने दुसरा अंगरखा बेतत होती. तिने तोंडातल्या टाचण्यांआडून नवऱ्याकडे पाहिलं, तर त्याचे कान लाल झालेले. लग्नाच्या दिवशी झाले होते तसे.

"भला माणूस आहे हो," घरी जाताना तो म्हणाला. "टेप लावून ठेवतो. मी बोललेला शब्दन्‌शब्द."

"मजले सांगितलेत का? भांडी, दिवे, पडदे?"

"तेही सांगितले," तो हसत म्हणाला.

नोव्हेंबरात सिनेमा तयार झाला, आणि दुकानातल्या सगळ्यांना एका दुपारी फुकट खेळ दाखवायचं ठरलं. लिफ्टवाल्याने ठेवणीतला कोट काढला. शिवणबाईने त्याची कॉलर उलटवून शिवून दिली. दोघांना चौथ्या रांगेत, मॅनेजरसाहेबांच्या मागे, मानाच्या जागा मिळाल्या. त्याच रांगेत पलीकडे मोजेवाली बसली होती. ही एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, वर्षभरापूर्वीच तिसऱ्या मजल्यावर हातमोजे-पायमोजे विकायला लागलेली. एकटी राहायची, काम चोख करायची, कुणाच्या अध्यातमध्यात नसायची.

पडद्यावर त्यांचंच दुकान, त्यांचीच खुर्ची. नट येऊन बसला. डावा कान पुढे, हात मांडीवर उघडे. "हुबेहूब तुम्ही!" मागून रोखपालबाईंनी लिफ्टवाल्याच्या खांद्यावर थोपटलं. एक गलेलठ्ठ मुलगा आला आणि कानात म्हणाला, जगातली सगळी खेळणी माझ्या एकट्याची झाली पाहिजेत. नाताळबाबा गोड हसला. त्या रात्री मुलाच्या खोलीत छताला भोक पडलं आणि खेळणी कोसळायला लागली. आगगाड्या, डफ, लाकडी घोडे, थांबेचनात. शेवटी ढिगातून नुसता एक हात बाहेर, आणि त्या हातात वरून एक बाहुली अलगद येऊन बसली. सगळं थिएटर खो खो हसलं. शिवणबाईही हसली. पुढे कित्येक वर्षं तिला त्या हसण्याची लाज वाटत राहिली. सिनेमा टाकाऊ असता तर बरं झालं असतं. पण तो चांगला होता, आणि तिला राग होता तो त्याचाच.

तर गोष्ट अशी होती. हा नाताळबाबा पोरांनी मागितलेलं देतो. अक्षरशः मागितलं तसं देतो, आणि त्यात माणसं मरतात. एकामागून एक पोरं येत होती, माणसं मरत होती, लोक हसत होते.

मग सात-आठ वर्षांची एक मुलगी आली. दोन वेण्या, एका वेणीची फीत सुटलेली. तिने नाताळबाबाच्या कानाला तोंड लावलं. "माझ्या आईचा खोकला थांबू दे," ती म्हणाली. "मला झोप येत नाही."

शिवणबाईच्या शेजारी नवऱ्याचा श्वास अडकल्याचा आवाज झाला.

पडद्यावर रात्र. आई खोकतेय. नाताळबाबा खिडकीतून आत येतो, तिच्या उशाला बसतो, उशी उचलतो, पोरीकडे वळून ओठांवर बोट ठेवतो. मग खोकला थांबतो. आणि पोरगी कूस बदलून लगेच घोरायला लागते, चांगलं मोठ्याने, एखाद्या पैलवानासारखं. इतका वेळ हसली नव्हती तीही माणसं इथे हसली. मॅनेजरसाहेब तर खुर्चीवर हात आपटून हसले.

मोजेवाली उठली. गुडघ्यांना धक्के देत, कुणाची माफीही न मागता, रांगेतून बाहेर पडली. तिला मळमळत असेल, असं शिवणबाईला वाटलं. नवरा पडद्याकडे बघतच नव्हता. तो त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होता.

शेवटी नावांच्या यादीत, विजेची कामं करणाऱ्यांच्या खाली, एक ओळ आली: "दुकानातील लिफ्टमनचे आभार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरसाहेब स्वतः दुरुस्ती विभागात आले. "बाई, अंगरखा काढा. यंदा आपण सिनेमातला नाताळबाबा बसवायचा. किनारीवर लाल डाग हवेत, आणि आत एक खिसा, सुरा दिसेल असा. सुरा रबराचा, घाबरू नका."

"पोरं घाबरतील त्याचं काय?"

"घाबरायलाच येतील ना! गर्दी बघाल तुम्ही."

"आणि खुर्चीत कोण बसणार? हेच?"

"मग कोण? खरा तर हाच आहे." मॅनेजरसाहेब खूश होऊन गेले.

शिवणबाई अशी पेटली की तिने मशीनवर अर्धा तास रिकामंच पॅडल मारलं. बावीस वर्षं धुवून धुवून जपलेल्या किनारीवर आता स्वतःच्या हाताने डाग पाडायचे! ज्या हातांकडे बघून पोरं निर्धास्त व्हायची त्या हातांत सुरा! काय काय बोलायचं ते ती मनात जुळवत होती, एवढ्यात दारात मोजेवाली उभी राहिली.

"बाई, काका कुठेत?"

"येतील चहाच्या सुट्टीत. बस. बरं वाटतंय का? काल मध्येच उठून गेलीस."

मुलगी बसली नाही. "ती मुलगी मी होते," ती म्हणाली.

"कोण मुलगी?"

"खोकल्याची. मी आठ वर्षांची होते. त्या खुर्चीपाशी येऊन मी हेच सांगितलं होतं. हेच शब्द, बाई. झोप येत नाही, तेसुद्धा." ती मशीनच्या कडेला धरून उभी होती. "जानेवारीत आई गेली. खोकला थांबला. मी जन्मात हे कुणाला बोललेली नाही. बापालासुद्धा नाही. एकाच माणसाला माहीत होतं."

अख्ख्या जगाशी भांडायला शिवणबाई कमर कसून तयार होती, आणि जमलेलं सगळं भांडण एकदम स्वतःच्या घराकडे वळलं. तिने उगाच एक टाचणी उचलली आणि पुन्हा ठेवली.

तेवढ्यात लिफ्टवाला आला. मुलीला बघून दारातच थांबला. टोपी काढून हातात घेतली.

"मीच सांगितलं," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणी नाही."

"नाव सांगितलंत?"

"नाव मला तेव्हाही माहीत नव्हतं."

"मग ती मी, हे तुम्हाला ठाऊक होतं की नाही?"

"तू पहिल्या दिवशी लिफ्टमध्ये शिरलीस ना, तेव्हाच ओळखलं. बोलताना वरचा ओठ तसाच दुमडतो तुझा."

"वर्षभर रोज मला वर-खाली नेलंत. कधी कळू दिलं नाहीत."

"नाही."

"मला कळू दिलं नाहीत, आणि त्यांना सांगितलंत! का?"

तो टोपीची कडा फिरवत राहिला. खोटं बोलायचं त्याला कधी जमलं नव्हतं.

"त्यांनी विचारलं," तो म्हणाला. "म्हणाले, काका, या कामात सगळ्यात अवघड काय? बावीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं गं. मी म्हटलं, ऐकलेलं पोटात ठेवणं अवघड. ते म्हणाले, म्हणजे कसं? एक उदाहरण द्या. मला वाटलं, एवढं मन लावून ऐकतोय माणूस. मला वाटलं, नीट समजावं त्याला."

मुलगी रडली नाही. "मी त्यासाठीच तुम्हाला सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही कुणाला सांगत नाही, असं पोरं म्हणायची." आणि जिन्याने खाली गेली.

शिवणबाई नवऱ्याला म्हणाली, "चला. आत्ताच्या आत्ता त्या चष्मेवाल्याकडे जायचं."

दिग्दर्शकाची कचेरी दोन रस्ते पलीकडे होती. तो खुर्चीतून उठून पुढे आला, लिफ्टवाल्याचे दोन्ही हात हातात घेतले, चहा मागवला. तो उद्धट असता तर तिला सोपं गेलं असतं.

"ते खोकल्याचं काढून टाका," लिफ्टवाला म्हणाला. "बाकी काही म्हणत नाही मी. माझे हात, माझा कान, काय वापरायचं ते वापरा. तेवढं काढा. ते माझं नव्हतंच, मी कसं दिलं तुम्हाला?"

"काका, अहो, तो तर सिनेमाचा कणा आहे. लोक सगळ्यात जास्त तिथेच हसतात."

"म्हणूनच काढा," शिवणबाई म्हणाली. "ती पोर जिवंत आहे. आमच्या तिसऱ्या मजल्यावर मोजे विकते. काल चौथ्या रांगेत बसून तिने स्वतःच्या आईचं मरण बघितलं, आणि भोवती सगळे हसत होते."

दिग्दर्शकाने हातातला कप खाली ठेवला. क्षणभर वाटलं, लागलं याला. मग त्याचे डोळे चष्म्याआड चकाकले. "खरंच?" तो हळूच म्हणाला. "इथेच आहे ती? बाई, ती बोलेल का हो माझ्याशी?"

शिवणबाई उठली. चहा तसाच राहिला. "तुम्हाला आई आहे का हो?" तिने विचारलं.

"आहे ना."

"तिला दाखवलात हा सिनेमा?"

"तिला असलं आवडत नाही," तो म्हणाला.

"मग शहाणी आहे ती," असं म्हणून ती नवऱ्याला दंडाला धरून बाहेर घेऊन आली. रस्त्यात तिच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. कज्जा करू, वर्तमानपत्रात लिहू, थिएटरच्या दारात उभी राहीन मी! वकील असलेल्या भाच्याने मात्र संध्याकाळी सरळ सांगितलं, "मामी, नाव घेतलेलं नाही, पत्ता दिलेला नाही. आणि सांगितलं मामांनीच, आपल्या तोंडाने, टेप चालू असताना. काय कज्जा करणार?"

दुसऱ्या दिवशी लिफ्टवाल्याने अंगरखा, दाढी आणि पोटाची उशी नीट घडी घालून मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवली.

"डाग कुठेत?" साहेबांनी विचारलं.

"मी बसणार नाही, साहेब. यंदा नाही, पुढेही नाही."

"अहो, सिनेमाचा एवढा काय राग?"

"राग नाही. ऐकलेलं बाहेर सांगणारा माणूस त्या खुर्चीत बसायला नको, म्हणून."

हे ऐकून शिवणबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "तुम्ही का म्हणून उठायचं?" घरी आल्यावर ती ओरडली. "ज्याने विकलं तो हारतुरे घेतोय, ज्यांनी हसून घेतलं ते जेवून झोपलेत, आणि शिक्षा तुम्ही घेताय! एक चूक, बावीस वर्षांत एक!"

"एकच पुरते गं, या कामात."

"ज्यांना लाज वाटायला हवी त्यांना एकालाही वाटत नाहीये."

"मला वाटतेय ना," तो म्हणाला. "माझ्यापुरतं तेवढंच माझ्या हातात आहे."

तिने डाग पाडले नाहीत. साहेबांनी अंगरखा बाहेर देऊन काम करून घेतलं. गोदामातला एक तरणा हमाल खुर्चीत बसला, आणि सांगायला वाईट वाटतं, पण रांग दुप्पट लागली. पोरं किंचाळत, आईबाप हसत, फोटोवाला फोटो काढी. कानाशी कुणी जाईना. लिफ्टवाला त्या मजल्यावर जाळी उघडायचा, "खेळणी" म्हणायचा आणि समोर न बघता जाळी लावायचा.

मोजेवाली तेव्हापासून जिन्याने चढायची. डिसेंबर, जानेवारी, पायात गोळे येईस्तोवर. फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी ती लिफ्टमध्ये शिरली. आत शिवणबाईही होती. तिसऱ्या मजल्यावर तो म्हणाला, "मोजे, टोप्या, छत्र्या." ती उतरली, दोन पावलं गेली, मग मागे न वळता थांबली आणि म्हणाली, "खुर्ची सोडायला नको होती, काका." एवढंच. तिने माफ केलं असं धरावं की नाही, यावर नवरा-बायकोचं पुढे कित्येकदा बोलणं झालं, आणि एकमत कधी झालं नाही.

आता त्या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. दिग्दर्शकाला बक्षिसं मिळाली. खोकल्याचा तो प्रसंग आपल्याला स्वप्नात सुचला, असं तो मुलाखतीत सांगायचा. नटाला जन्मभर राक्षसांचीच कामं मिळत गेली. तो मात्र एकदा दुकानात आला, लिफ्टमध्ये दोनदा वर-खाली फिरला, "मला सांगितलं नव्हतं हो, हे कुठून आलं ते," असं पुटपुटला आणि निघून गेला. मॅनेजरसाहेब बढती घेऊन दुसऱ्या शहरात गेले. दुकान बुडालं, तिथे आता मोटारी ठेवायचे सहा मजले आहेत. मोजेवालीने लग्न केलं, स्वतःचं दुकान टाकलं, तिला दोन मुलगे आहेत. सिनेमा अजूनही दर डिसेंबरात कुठे ना कुठे लागतो आणि लोक अजूनही तिथेच सगळ्यात जास्त हसतात.

लिफ्टवाला निवृत्त झाल्यावर पाच वर्षांनी आजारी पडला. शेवटच्या आठवड्यात ताप डोक्यात गेला आणि इस्पितळात तो बडबडायला लागला. भर दुपार होती. खिडकीतून ऊन पलंगावर आलं होतं. थोरली लेक वाकून ऐकत होती. "आई, बाबा काय बोलतायत बघ," ती म्हणाली. "लहान मुलासारखं बोलतायत. म्हणतायत, बाबांनी आईला मारू नये. मग म्हणाले, मला शाळेत एक तरी मैत्रीण मिळू दे. आई, हे काय आहे?"

शिवणबाईने ओळखलं. बावीस वर्षांचे डिसेंबर. एकामागून एक, रांगेत यावीत तशी पोरं येत होती.

"ऊठ," ती लेकीला म्हणाली. "बाहेर जा."

"अगं पण..."

"ऊठ म्हणते ना."

सलाइन बदलायला आलेल्या नर्सला तिने विनवलं, हे काम उरकून दहा मिनिटं कुणालाही आत सोडू नका. नर्स गेली. शिवणबाईने नवऱ्याच्या कपाळावरची पट्टी ओली करून ठेवली, पांघरूण सारखं केलं. त्याचे ओठ हलतच होते. तिला त्याच्याजवळ बसायचं होतं. किती दिवस उरलेत हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी ती बाहेर आली, दार लावून घेतलं आणि दाराला पाठ लावून, येणाऱ्याजाणाऱ्यांकडे तोंड करून, तिथेच उभी राहिली.